रक्ताचा दाब मोजणारे पाळक : रेव्ह. स्टीफन हेल्स

दवाखान्यांत गेलें असतां परिचारिका रोग्याच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळते, त्यांत हवा भरते, आणि थोड्या वेळानें एक आंकडा कागदावर लिहिते. ह्या आंकड्यास रक्तदाब म्हणतात, हें आतां खेड्यापाड्यांतील लोकांसही ठाऊक झालें आहे. तो दाब वाढला आणि वाढलेलाच राहिला, म्हणजे हृदयावर ताण पडतो. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटते किंवा तींत गुठळी अडकते. आणि काल शेतांत राबणारा मनुष्य आज अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळतो. परंतु अंगांतील रक्तास दाब असतो आणि तो मोजतां येतो, हें जगाला प्रथम दाखवून देणारा पुरुष राजधानींतला वैद्य नव्हता. तो एका लहानशा खेड्यांतील मंडळीचा पाळक होता, आणि त्याच खेड्यांत त्यानें पन्नासांहून अधिक वर्षें सेवा केली. त्याचें चरित्र आमच्या वाचकांनीं, विशेषेंकरून खेड्यांतून काम करणाऱ्या उपदेशकांनीं, लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

स्टीफन हेल्स ह्यांचा जन्म इंग्लंडच्या केंट परगण्यांतील बेक्सबर्न ह्या गांवीं ता. १७ सप्टेंबर १६७७ रोजीं झाला. १६९६ सालीं ते केंब्रिज येथील विद्यापीठांत दाखल झाले. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ न्यूटन त्याच वर्षीं केंब्रिज सोडून लंडनास गेले होते. तरी त्यांच्या विद्येची छाप तेथें कायम होती. हेल्स ह्यांनीं पाळकपणाची तयारी केली, परंतु वनस्पति, प्राणी आणि ग्रहांच्या गति ह्यांविषयींही त्यांना गोडी लागली. विल्यम स्टकली नांवाचा वैद्यकाचा एक तरुण विद्यार्थी त्यांचा मित्र झाला. दोघे मिळून रानोमाळ हिंडून झाडपाला गोळा करीत आणि प्राणी चिरून त्यांची अंतर्रचना पाहत. कुत्र्याच्या फुप्फुसांत वितळलेलें शिसें ओतून तेथील वाटांचा सांचा काढण्याची युक्तिही त्यांनीं केली. उत्पन्नकर्त्यानें सर्व वस्तु संख्येनें, वजनानें व मापानें निर्माण केल्या आहेत. म्हणून त्या समजून घ्यावयाच्या, तर आपणही मोजलें पाहिजे व तोललें पाहिजे, अशी हेल्स ह्यांची धारणा होती. पुढील सर्व आयुष्यभर ते ह्याच धारणेनें वागले.

हृदय धमन्यांतून सर्व शरीरभर रक्त पाठवितें आणि तेंच रक्त शिरांतून पुन्हां हृदयाकडे परत येतें, ही गोष्ट विल्यम हार्वी ह्या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं सिद्ध केली होती. परंतु हृदय रक्तास किती जोरानें ढकलतें, हें कोणास ठाऊक नव्हतें. विद्वान् लोक घरीं बसून हिशेब मांडीत. एकानें तो जोर लाखाहून अधिक पौंडांचा ठरविला, तर दुसऱ्यानें तो थोड्याशा औंसांवर आणून ठेविला. एवढें अंतर पडण्याचें कारण इतकेंच कीं, कोणीं प्रत्यक्ष मोजून पाहिलें नव्हतें.

१७०९ सालीं हेल्स ह्यांची नेमणूक थेम्स नदीच्या कांठच्या टेडिंग्टन ह्या खेड्याचे पाळक म्हणून झाली. कुत्र्यांच्या धमन्यांतील रक्ताचा जोर पाहण्याचे प्रयोग त्यांनीं त्यापूर्वींच आरंभिले होते. सुमारें सहा वर्षांनीं तेच प्रयोग त्यांनीं घोड्यांवर केले. डिसेंबर महिना होता. चौदा वर्षें वयाची एक घोडी, जिच्या खांद्यावर नासूर झाला होता, तिला उताणी पाडून बांधण्यांत आलें. तिच्या मांडींतील मोठी धमनी उघडून हेल्स ह्यांनीं तींत पितळेची बारीक नळी बसविली, आणि तिला नऊ फूट लांबीची कांचेची नळी उभी जोडली. धमनीवरील बंधन सोडतांच रक्त कांचेंत वर चढूं लागलें. आरंभीं तें झपाट्यानें चढलें. मग नाडीच्या ठोक्यासरशीं थोडें थोडें वाढत, हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच उंचीवर जाऊन ठेपलें. तेथेंही तें स्थिर राहिलें नाहीं. प्रत्येक ठोक्याबरोबर दोन, तीन किंवा चार इंच वरखालीं होत राहिलें. हृदयाचा जोर ह्या रीतीनें मापावर उतरला.

नंतर त्यांनीं मापून थोडें थोडें रक्त काढलें आणि प्रत्येक वेळीं नळींतील उंची लिहून ठेविली. रक्त कमी होत गेलें तसतशी उंची उतरत गेली, आणि शेवटीं घोडी मेली. दुसऱ्या एका जनावराच्या मानेच्या शिरेंत नळी बसविली, तों तेथें रक्त अवघें १२ इंच चढलें. मात्र जनावर धडपडूं लागलें म्हणजे तें पुष्कळ वर जाई. धमनींत इतका जोर आणि शिरेंत इतका थोडा, तर मधल्या मार्गांत तो जातो कोठें? केंसाहूनही बारीक अशा ज्या वाहिन्या धमनी व शीर ह्यांस जोडतात, त्यांतून वाट काढण्यांत हा जोर खर्च होतो, असें हेल्स ह्यांनीं ओळखलें. मेलेल्या प्राण्याच्या धमनींत त्यांनीं ऊन पाणी सोडून पाहिलें, तें सुलभपणें वाहिलें. थंड पाणी किंवा ब्रँडी सोडली, तेव्हां प्रवाह मंदावला. बारीक वाहिन्या आकुंचित झाल्या कीं वाट अडते, ही मोठी गोष्ट अशा रीतीनें उघड झाली. वाहिन्या आकुंचित किंवा ताठर झाल्यानें दाब वाढतो, हें आजचें वैद्यकही सांगतें.

हृदयाचें काम मोजण्याचीही त्यांनीं एक युक्ति काढली. मेलेल्या प्राण्याच्या हृदयाच्या कप्प्यांत वितळलेलें मेण भरून तें गोठूं दिलें, आणि त्या मेणाच्या गोळ्याचें माप घेतलें. एका ठोक्यास इतकें रक्त बाहेर पडतें असें धरून त्यास मिनिटांतील ठोक्यांनीं गुणलें, आणि हृदय मिनिटाला किती रक्त वाहवितें तें काढलें. कप्पा प्रत्येक ठोक्यास संपूर्ण रिकामा होत नाहीं, निरोगी हृदय त्यांतील निम्म्याहून थोडें अधिक रक्त बाहेर टाकतें, हें मागाहून समजलें. मनुष्याच्या धमनीस नळी लावली तर रक्त साडेसात फूट चढेल, असा त्यांचा अंदाज होता. तोही जास्त होता. निरोगी व स्वस्थ मनुष्याच्या दाबानें तें सुमारें पांच फूट चढेल. तथापि त्यांचा हिशेब चुकला तरी मार्ग खरा होता, आणि त्याच मार्गानें पुढच्यांनीं त्यांची चूक दुरुस्त केली.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य नाहीं. त्या काळीं गुंगी आणणारें औषध नव्हतें. शस्त्रक्रियेंत ईथरचा उपयोग १८४६ सालापासून पसरला. अर्थात् हें सर्व जिवंत व जाग्या जनावरांनीं सोसलें. कवि अलेक्झांडर पोप हे जवळच ट्विकनम येथें राहत असत. हेल्स भले गृहस्थ आहेत हें त्यांस मान्य होतें. पण मनुष्याच्या उपयोगासाठीं मुक्या जिवांस असें मारण्याचा अधिकार आपणांस आहे काय, ही शंका त्यांनीं उघड बोलून दाखविली. तरीही उभयतांचा स्नेह तुटला नाहीं. पोप ह्यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून हेल्स ह्यांची सही आहे. स्वतः हेल्स ह्यांसही ह्या चिरफाडीचा वीट आला, आणि त्यांनीं हें काम पुष्कळ वर्षें बाजूस ठेवून दिलें. पोप ह्यांची शंका खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. जें ज्ञान दुसऱ्या जिवाच्या यातनेंतून मिळालें, तें ज्याच्या उपयोगी पडतें त्यानें तें हलकें समजूं नये, एवढें मात्र खचित.

हें काम पुन्हां हातीं येण्यास एक द्राक्षवेल कारण झाली. हेल्स ह्यांनीं ती छाटली असतां तिच्यांतून रस गळूं लागला. वेल मरूं नये म्हणून त्यांनीं छाटलेल्या टोंकावर प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी घट्ट बांधली. तों आंतील रसानें ती ताणून फुगली. घोडीच्या धमनीस लाविली होती तशी कांचेची नळी त्यांनीं वेलीस लाविली. रस इतक्या जोरानें वर आला कीं, तो जोर घोडीच्या धमनींतील रक्ताच्या सुमारें पांचपट भरला! त्यांनीं सूर्यफुलाचें झाड कुंडीसकट रोज तोलून पानांवाटे किती पाणी उडून जातें, हेंही काढलें. वनस्पतींवरील हे प्रयोग १७२७ सालीं आणि रक्तावरील प्रयोग १७३३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना १७१८ सालींच सभासद करून घेतलें होतें. १७३९ सालीं तिनें त्यांस कॉप्ले पदक दिलें.

हेल्स ह्यांचा संसार अल्पकाळ टिकला. १७२० सालीं त्यांचें लग्न झालें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांची पत्नी वारली, मूलबाळ नव्हतें. त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. त्यांची विद्या गोरगरिबांच्या कामीं आली. त्या काळीं इंग्लंडांत जिन नांवाच्या स्वस्त दारूनें हजारों कुटुंबांचा नाश चालविला होता. ब्रँडीनें वाहिन्यांचें काय होतें हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, त्या हेल्स ह्यांनीं १७३४ सालीं दारू पिणाऱ्यांस मित्रभावानें सावध करणारी एक पुस्तिका स्वतःचें नांव न घालतां छापली. १७३६ व १७५१ सालीं पार्लमेंटानें जे दारूविरुद्ध कायदे केले, त्यांमागच्या चळवळींत त्यांचाही हात होता.

गलबतें, इस्पितळें आणि तुरुंग ह्यांतील कोंदट हवा बाहेर काढून स्वच्छ हवा आंत घेणारे मोठे लांकडी भाते त्यांनीं तयार केले. १७५२ सालीं लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर पवनचक्कीनें चालणारे भाते बसविण्यांत आले. तुरुंगांतील ताप घाणेरड्या हवेनें येतो, अशी सर्वांची समजूत होती. तो उवांमुळें पसरतो हें पुष्कळ पुढें कळलें. तरी कोंडलेल्या माणसांस हवा मिळाली, हा लाभ थोडका नव्हता. गुलामांस नेणाऱ्या गलबतांवरही हे भाते बसविले गेले. परंतु ज्या व्यापारानें मनुष्यांस त्या गलबतांत कोंडलें, त्याचें पाप भात्यानें उडून जाण्यासारखें नव्हतें.

एवढी कीर्ति झाली तरी टेडिंग्टनची मंडळी त्यांनीं सोडली नाहीं. १७५१ सालीं राजघराण्यांतील विधवा राजकन्या ऑगस्टा ह्यांनीं त्यांना आपल्या पदरीं धर्मगुरूचा मान दिला. विंडसर येथील मोठ्या पदावर त्यांस नेमण्याचें घाटत होतें. आपणांस खेड्यांतच राहूं द्यावें, अशी विनंति करून हेल्स ह्यांनीं तें टाळलें. त्यांनीं गांवच्या मंदिराची वाढ केली, त्यास नवा मनोरा बांधविला, आणि गांवांत स्वच्छ पाणी आणिलें. त्या पाण्याची नोंद त्यांनीं मंडळीच्या वहींत स्वतः केली आहे: सेकंदास एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या तीन झोक्यांत सुमारें दोन लिटरांचें भांडें भरेल, इतका तो प्रवाह, आणि लंबकाची लांबीही इंचांत दिलेली! बाप्तिस्मे, विवाह व प्रेतक्रिया ज्या वहींत लिहावयाच्या, तींतच हें माप लिहिणाऱ्या पाळकास गांवच्या बायांच्या घागरी आणि विद्वानांची सभा सारख्याच मोलाच्या वाटत होत्या.

ता. ४ जानेवारी १७६१ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, हेल्स टेडिंग्टन येथेंच वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांना स्वतः बांधविलेल्या मनोऱ्याखालीं पुरण्यांत आलें. ऑगस्टा राजकन्येनें लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्यांचें स्मारक उभारिलें.

त्यांनीं दाखविलेल्या वाटेनें पुढें पुष्कळ जण गेले. १८४४ सालीं क्लोद बर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें मानेच्या वाहिन्यांतून घोड्याच्या हृदयाच्या दोन्ही बाजूंस नळ्या पोंचविल्या. १८९६ सालीं इटलींतील रिवा-रोच्ची ह्यांनीं दंडाचा पट्टा काढला, आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कोव्ह ह्यांनीं कानानें ठोके ऐकून दाब ठरविण्याची रीत दाखविली. तेव्हांपासून धमनी कापण्याचें कारण उरलें नाहीं. १९२९ सालीं वेर्नेर फोर्समान ह्या तरुण जर्मन डॉक्टरानें स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून बारीक लवचीक नळी हृदयापर्यंत सारली, आणि पायीं चालत जाऊन क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेवविलें. ह्या वेळीं यातनेचा धोका शास्त्रज्ञानें स्वतःच्या अंगावर घेतला. कूर्नां व रिचर्ड्स ह्या अमेरिकेंतील दोन डॉक्टरांनीं ती रीत पुढें नेली; तिघांस मिळून १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज मनगटांतून किंवा जांघेंतून नळी घालून हृदयाच्या बुजलेल्या वाहिन्या मोकळ्या करितात, ती ह्याच कामाची वाढ होय.

वाचकहो, रक्तदाब वाढला तरी बहुधा कांहीं दुखत नाहीं. म्हणून मनुष्य बेसावध राहतो, आणि एके दिवशीं अकस्मात् तोंड वांकडें होतें, हात लुळा पडतो, शब्द अडखळतो. असें होतांच घटकाभरही न दवडतां रोग्यास मोठ्या इस्पितळांत न्यावें. परंतु त्यापूर्वींच वर्षांतून एकदां तरी दंड पुढें करून दाब मोजून घ्यावा, मिठाचें मान आवरावें, तंबाखू व दारू सोडावी, आणि डॉक्टरांनीं औषध दिलें असतां बरें वाटतें म्हणून तें मध्येंच टाकूं नये. हें मोजणें आपणांस आज फुकट व विनावेदना मिळतें. तें प्रथम मिळविण्यास एका खेड्यांतील पाळकाला कित्येक वर्षें खर्चावीं लागलीं, आणि एका मुक्या घोडीला आपला प्राण द्यावा लागला.