अंगणापर्यंत आलेली शाळा

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले ते १८९२ साली. त्याच वर्षी १९ एप्रिलला मुंबईत ताराबाई केळकर यांचा जन्म झाला. पुढे ताराबाई मोडक या नावाने त्या बालशिक्षणाच्या क्षेत्रात विख्यात झाल्या. शहापूर, मुरबाड, जव्हार, डहाणू या डोंगराळ मुलखाकडून महानगराने पाणी घेतले, लाकूड आणि गवत घेतले, मजूरही घेतले. त्या बदल्यात शहरातून तिकडे काय गेले, याचा हिशेब मांडला तर जमेची बाजू फारशी मोठी भरत नाही. त्या तुटपुंज्या जमेत ताराबाईंच्या आयुष्याची अखेरची अठ्ठावीस वर्षे मात्र ठळकपणे उठून दिसतात.

ताराबाईंच्या घरातच सुधारणेचे वारे होते. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. विधवाविवाहाचा पुरस्कार त्यांनी केवळ व्याख्यानांतून केला नाही, तर स्वतः विधवेशी विवाह करून तो आचरणात आणला. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या. नवऱ्याचे घर सोडणाऱ्या स्त्रीला समाजात स्थान नव्हते, अशा काळात लहान मुलीला घेऊन स्वतःच्या बळावर उभे राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. मानाचे पद, निश्चित वेतन आणि मुलीच्या भवितव्याची हमी, असे सारेच तेथे होते.

तरीही १९२३ साली ती नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर चालत होते. गिजुभाई मूळचे वकील. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी भारावून त्यांनी वकिली सोडली आणि लहान मुलांची शाळा काढली. छडी, धाक आणि घोकंपट्टी यांवाचूनही मूल शिकते, नव्हे तसेच ते खऱ्या अर्थाने शिकते, हा त्या शाळेचा सिद्धांत होता. ताराबाई तेथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. शिक्षकांचे प्रशिक्षण, बालसाहित्याची निर्मिती आणि प्रत्यक्ष वर्गातील काम या तिन्ही आघाड्या त्यांनी गिजुभाईंच्या बरोबरीने सांभाळल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली आणि मूल हा स्वतंत्र बुद्धीचा व भावनेचा माणूस आहे, हा विचार मराठी मध्यमवर्गाच्या घरांत रुजवण्याचा प्रयत्न केला.

१९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘शिशुविहार’ सुरू केले. तेथे बालमंदिराच्या जोडीला शिक्षिका घडवणारे अध्यापक विद्यालयही होते. शिशुविहार नावारूपाला आले. दादरसारख्या सुशिक्षित वस्तीत नव्या बालशिक्षणाला प्रतिष्ठा मिळाली. येथेच थांबल्या असत्या, तरी शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

परंतु या यशात एक विसंगती होती आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. माँटेसरींनी आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले ते रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून आणि गल्ल्यांतून भटकणारी मजुरांची मुले ही त्यांची पहिली विद्यार्थी. तीच पद्धती भारतात पोहोचेपर्यंत मात्र महाग झाली होती. तिची लाकडी साधने गोरगरिबांच्या आवाक्याबाहेरची होती. श्रमिकांच्या वस्तीत जन्मलेले शिक्षण अशा रीतीने सुखवस्तूंच्या दिवाणखान्यात येऊन बसले होते. ते पुन्हा त्याच्या मूळ जागी नेणे, हे ताराबाईंनी आपल्या उत्तरायुष्याचे कार्य मानले. त्याच सुमारास महात्मा गांधी नई तालीमची कक्षा वाढवून तीत शाळापूर्व वयाचाही विचार करू लागले होते. त्या विचारानेही ताराबाईंच्या निश्चयाला बळ मिळाले.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्याच्या हुजूरपागेतील शिक्षिकेची नोकरी सोडून या कामात उतरल्या होत्या. त्याच वर्षी, त्याच मुलखात, वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारली समाजाने गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला होता. म्हणजे ज्या मुलांपर्यंत ताराबाईंना पोहोचायचे होते, त्यांचे आईबाप माणूस म्हणून जगण्याच्या हक्कासाठीच झगडत होते.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कुणाला गुरे राखायची होती. कुणाच्या अंगावर धड कपडा नव्हता. मुले का येत नाहीत, असा दोष पालकांच्या माथी मारणे सोपे होते. ताराबाईंनी प्रश्नच उलटा केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्याकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना नाहू घालणे, केस विंचरणे, नखे कापणे यांपासून शिक्षणाला आरंभ झाला. झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. शिंपले, बिया, खडे, पाने, बांबूच्या कांबी आणि मातीची भांडी ही साधने झाली. मोजणे, जुळवणे, लहानमोठे ओळखणे, रंग आणि स्पर्श यांतील भेद जाणणे हे माँटेसरी पद्धतीचे सारे पाठ त्यांतून देता आले आणि पैसा जवळजवळ लागला नाही. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द या प्रयोगाचीच देणगी आहे.

१९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि काम वारल्यांच्या पाड्यांत अधिक खोलवर शिरले. मोठी बहीण शाळेत यायची, तर कडेवरच्या बाळाचे काय, या प्रश्नातून ‘विकासवाडी’ची कल्पना साकारली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. गुराख्यांची मुले गुरे सोडून येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ भरू लागली. या प्रत्येक प्रयोगामागे एकच सूत्र होते. मुलाचे जगणे शाळेच्या सोयीसाठी वाकवायचे नाही. शाळेने त्याच्या जगण्याला सामावून घ्यायचे.

१९६२ साली त्यांना ‘पद्मभूषण’ने गौरवण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, कोसबाडची धुरा वाहिली. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली.

बोर्डी आणि कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात. ताराबाईंपुढे उभा राहिलेला प्रश्न मात्र आजच्या ठाणे जिल्ह्यातही तसाच आहे. शहापूर आणि मुरबाडच्या कातकरी वाड्यांतून अनेक कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांच्या कामाला बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि अंगणवाडीच्या पटावर केवळ नावे उरतात. १९९०च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा भरवण्यात आल्या, त्या ताराबाईंच्या सूत्राचाच पुढचा अवतार होत्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना हक्क दिला. तीन ते सहा वर्षांची मुले शालेय शिक्षणाच्या रचनेत घेतली जाण्यासाठी २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यावे लागले. ताराबाई त्या वयाच्या मुलांसाठी पाऊणशे वर्षे आधी पाड्यांवर पोहोचल्या होत्या.

आज शहरांत मुलांना जगाचे नागरिक बनवण्याचे अभिवचन देणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत आणि माँटेसरींचे नाव त्यांच्या फलकांवर झळकते. जागतिक विचार म्हणजे काय, हे ताराबाईंनी निराळ्या रीतीने दाखवले. रोमच्या मजुराच्या मुलासाठी जे योग्य ठरले, ते दादरच्या वकिलाच्या मुलालाही मिळावे आणि कोसबाडच्या वारल्याच्या मुलालाही तितक्याच आदराने मिळावे, एवढाच त्याचा अर्थ होता. वीटभट्टीकडे निघालेल्या कुटुंबामागून अंगणवाडीही निघते की पटावर गैरहजेरीची खूण करून थांबते, यावरच तो अर्थ आज टिकून आहे की नाही, हे ठरणार आहे.