झाँ मोने : युरोपीय एकात्मतेचे शिल्पकार

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील कोन्याक हे गाव ब्रँडीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका व्यापारी कुटुंबात ९ नोव्हेंबर १८८८ रोजी झाँ मोने यांचा जन्म झाला. पुस्तकी शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते व्यापार आणि इंग्रजी भाषा शिकण्यासाठी लंडनला गेले. पुढे घरच्या मालाची विक्री करत ते कॅनडापर्यंत फिरले. परक्या माणसांचा विश्वास संपादन करण्याची कला त्यांना या भ्रमंतीने दिली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्रान्स आणि ब्रिटन एकाच शत्रूशी लढत होते. परंतु धान्य आणि जहाजे मिळवताना मात्र ते परस्परांशी स्पर्धा करत. ही विसंगती पंचवीस वर्षांच्या मोने यांना खटकली. त्यांनी थेट पंतप्रधान व्हिव्हियानी यांची भेट घेऊन संयुक्त खरेदीची योजना मांडली. कालांतराने तशा समित्या स्थापन झाल्या. युद्धानंतर ते राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले. तेथे एका राष्ट्राच्या नकारानेही निर्णय अडून राहत. केवळ सदिच्छा पुरेशी नसते, सामाईक अधिकार असलेली संस्था हवी, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या पुनर्उभारणीचे नियोजन त्यांच्याकडे आले. त्यांनी अधिकारी, कारखानदार आणि कामगार प्रतिनिधी यांना एकत्र बसवून प्रत्येक उद्योगाची स्थिती तपासली. आधी वस्तुस्थितीचा अभ्यास, मग धोरण, ही त्यांची रीत होती.

फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीन वेळा लढले होते. कोळसा आणि पोलाद यांवाचून तोफा बनत नाहीत. म्हणून दोन्ही देशांतील या उद्योगांवर एकच सामाईक अधिकारमंडळ नेमावे, अशी योजना मोने यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह तयार केली. परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी ९ मे १९५० रोजी ती जाहीर केली. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी करारावर सह्या केल्या. १९५२ मध्ये मोने या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

वाट मात्र सरळ नव्हती. संयुक्त युरोपीय सैन्याची योजना १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने फेटाळली. मोने खचले नाहीत. अध्यक्षपद सोडून त्यांनी १९५५ मध्ये विविध देशांतील राजकीय पक्ष आणि कामगार संघटना यांच्या नेत्यांची समिती उभारली. १९५७ च्या रोम करारांनी सहा देशांच्या सामाईक बाजारपेठेचा पाया घातला.

१६ मार्च १९७९ रोजी मोने यांचे निधन झाले. १९८८ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने ठेवण्यात आले. त्या सहा देशांच्या संघटनेतून घडलेल्या युरोपीय संघात आज २७ राष्ट्रे आहेत. ब्रिटन २०२० मध्ये त्यातून बाहेर पडले. तज्ज्ञांनी घेतलेले निर्णय सामान्य जनतेपासून दूर राहतात, अशी टीका मोने यांच्या कार्यपद्धतीवर होते आणि अभ्यासक तिची चर्चा करतात. तथापि, जी राष्ट्रे पिढ्यानपिढ्या रणांगणावर भेटत होती, ती आता मतभेद मिटवण्यासाठी एका मेजाभोवती बसतात. लोकांमधून एकदाही निवडून न आलेल्या, अर्ध्यावर शाळा सोडलेल्या एका व्यापाऱ्याच्या पुत्राचे हे कार्य होय.