मास्तर लक्ष्मणराव
शाळेत आपण ‘कारखानदार’ म्हणून ज्यांचे नाव पाठ केले ते लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मला मास्तर म्हणूनच जवळचे वाटतात. रंग नीट ओळखता येत नसल्याने त्यांची चित्रकला सुटली; मुंबईत ते यंत्रांचे ड्रॉइंग शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकली विकू लागले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली! १९१० साली कुंडलच्या माळावर वाडी वसवली. राधाबाईंनी संसार तिथेच मांडला. तुरुंगातून सुटलेल्यांनाही त्यांनी पहारेकरी नेमले, हे मला नांगराहून मोठे वाटते. आमच्या आजोबांचा किर्लोस्कर नांगर अजून गोठ्यामागे आहे. फाळ पार झिजलाय.