हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या अंकात संतांची व मिशनऱ्यांची चरित्रे यावीत, हे योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीस रात्रीच्या नृत्यगृहात ट्रम्पेट वाजविणाऱ्या एका वादकाचे चरित्र आम्ही का बसवावे, असा प्रश्न कोणा वडीलधाऱ्यांस पडेल. त्याचे उत्तर ह्या चरित्रातच आहे. वाचकांनी ते शेवटपर्यंत वाचावे, एवढीच आमची विनंती.

ज्यांस मुंबई चिक चॉकलेट ह्या नावाने ओळखत असे, त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. गोव्याच्या बारदेश महालातील हळदोणे गावी १९१६ साली त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चला जोडून पॅरोकियल शाळा असत. शाळेचे मेस्त मुलांस धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. मिस्सा व सणांच्या विधींस गायक-वादक उणे पडू नयेत, एवढाच त्यामागील हेतू. परंतु वेदीच्या सेवेसाठी दिलेली ही विद्या पुढे हजारो गोवेकरांची भाकरी झाली. वाझ ह्यांनीही सुरांचे पहिले धडे अशाच शाळेत गिरविले. मुलाने यंत्रकाम शिकून चार पैसे मिळवावेत, अशी त्यांच्या मातोश्रींची इच्छा होती, असे सांगतात. मुलाचे मन मात्र लुई आर्मस्ट्राँग ह्या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाच्या ट्रम्पेटवर जडले होते.

मुंबईत त्या काळी धोबी तलावाच्या आसपास गोव्यातील गावोगावच्या लोकांचे कूड असत. नोकरीच्या शोधात आलेला गावकरी तेथे अल्प भाड्यात राही. सायंकाळी सर्वजण कुडातील वेदीपुढे गुडघे टेकून रोझरी म्हणत. त्यानंतर वादक मंडळी काळा सूट चढवून, वाद्याची पेटी हाती घेऊन रात्रीच्या कामास निघत. रोझरी आणि रात्रपाळी ह्यांत त्यांस विसंगती वाटत नसे.

१९०३ साली सुरू झालेले ताजमहाल हॉटेल, त्याच्या शेजारचे ग्रीन्स आणि पुढे चर्चगेट परिसरातील उपाहारगृहे ही त्या संगीताची ठिकाणे. १९३५ साली लिऑन अॅबी ह्यांचे कृष्णवर्णीय वाद्यपथक ताजमध्ये आले. अशा पथकांच्या सहवासाने गोवेकरांनी जाझची वळणे आत्मसात केली. चिक ह्यांनी ट्रम्पेटबरोबर आर्मस्ट्राँगचा घोगरा स्वर आणि हातातील पांढरा रुमालही उचलला. लोक त्यांस भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्यांच्या 'म्युझिक मेकर्स' पथकाच्या तालावर ताजमध्ये साहेब, संस्थानिक व शेटजी नाचत. त्या झगमगाटात गरीब गोवेकराचा शिरकाव होई तो केवळ वाद्याच्या बळावर.

स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी गेले. १९४९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारूबंदी आली व नृत्यगृहांची मिळकत आटली. तेव्हा ह्या वादकांस चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी आसरा दिला. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. गोवेकर साहाय्यक ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून देई. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र व हळदोण्याचे चिक ह्यांची जोडी अशीच जमली. भगवान ह्यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातील गाण्यांवर घराघरांत पाय थिरकले. त्या तालवाद्यांत व पितळी वाद्यांच्या ललकारीत चिक ह्यांचा हात होता. त्याच साली त्यांनी 'नादान' चित्रपटास स्वतंत्र संगीत दिले. १९६६ च्या 'आखरी खत' चित्रपटात ते पडद्यावर ट्रम्पेट वाजविताना दिसतात. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असता ते निवर्तले. ग्रीन्स हॉटेलही पुढे पाडले गेले. त्या जागी १९७३ साली ताजचा मनोरा उभा राहिला. ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्यांवर नाचण्याची रीत आली आणि वादकांच्या पथकांची गरज उरली नाही.

चिक ह्यांचे नाव तरी राहिले. त्यांच्या मागे बसलेल्या कित्येक वादकांची नावे कोणत्याही चित्रपटाच्या नामावलीत आली नाहीत. प्रवचनपीठावरूनही त्यांस फारसे प्रेम मिळाले नाही. नृत्यगृहातील मद्य व उधळपट्टी ह्यांवर धर्मगुरूंनी ताशेरे ओढले, ते अकारण नव्हते. परंतु तेथे पैसा उधळणारा आणि तेथे राबून लेकरांची शाळेची फी भरणारा, ह्या दोघांत आम्ही भेद केला नाही. सेमिनरीत असता आम्हीही ह्या वादकांची विद्या हलकी मानीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. ती विद्या आपल्याच चर्चच्या अंगणात रुजली होती, ह्याचे आम्हांस भान नव्हते.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षी आमची पालकांस एक विनंती आहे. गायकवृंदात बसू इच्छिणाऱ्या आपल्या लेकरास केवळ परीक्षेच्या धाकाने मागे ओढू नका. त्यास सूर शिकू द्या. तो सूर उद्या कोठे जाईल, ह्याची चिंता परमेश्वरावर सोपवा. आणि २२ नोव्हेंबरला, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, रात्री लोकांस रिझवून पहाटे थकून घरी परतलेल्या त्या सर्व निनावी वादकांचे मिस्सामध्ये स्मरण करा.

प्रभो, त्यांस चिरशांती दे.