वर्ध्याचे खानखोजे, मेक्सिकोचा गहू

वडपे : वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले पांडुरंग खानखोजे अमेरिकेला गेले ते इंग्रजांशी लढण्यासाठी लष्करी शिक्षण घ्यायला. सोबत शेतीशास्त्रही शिकले! गदर चळवळीत उतरले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, आणि घरची वाट बंद झाली. १९२४ ला मेक्सिको गाठलं. चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं. चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना भिंतीवरच्या चित्रात भाकरी वाटताना रंगवलं.

मायदेशी यायला मात्र स्वातंत्र्य उजाडावं लागलं. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात ते वारले. आदल्याच वर्षी मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं भारतात आलं होतं. ते बोरलॉग यांचं, खानखोजेंचं नव्हे. लोक इथे गल्लत करतात.

या बुटक्या गव्हाला खत भरपूर लागतं, पण टाकलेलं बरंचसं स्फुरद मातीतच अडकून बसतं. म्हणून आता पेरणीआधी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, चोळतात. आपल्याकडे भात जास्त; त्यालाही हे जिवाणू चालतात.