मरे मिचेल दांपत्य

जॉन मरे मिचेल यांचा जन्म १८१५ सालीं स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीन शहरीं झाला. १८३८ सालीं, अवघ्या तेविसाव्या वर्षीं, ते मिशनरी होऊन मुंबईस आले. १८४२ सालीं त्यांचा विवाह मारिया फ्लायटर यांच्याशीं झाला. मुंबई व पुणें येथें त्यांनीं अध्यापन केलें, मराठी उत्तम अवगत केली आणि तुकारामबोवांच्या अभंगांचा व्यासंग करून इंग्रजी वाचकांस त्यांची ओळख करून दिली. शिकविण्यास आलेला पुरुष आधीं स्वतः विद्यार्थी झाला.

१८६३ सालीं उभयतां स्वदेशीं परतलीं. पंचवीस वर्षांची सेवा घडली होती. आतां विश्रांति घेतली असती तरी कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. परंतु १८६७ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, मिचेल पत्नीसह पुनः निघाले, आणि तेही कलकत्त्यास! एवढ्या श्रमानें मिळविलेली मराठी तेथें कामास येणारी नव्हती. प्रौढ वयांत पहिल्या धड्यापासून आरंभ करणें हें तारुण्यांतील साहसाहून कठीण असतें; परंतु १८७३ पर्यंत तीं दोघें बंगालच्या कार्यांत राहिलीं.

पुढें १८८० च्या सुमारास, वयाच्या पासष्टीस, मिचेल सपत्नीक तिसऱ्यांदा हिंदुस्थानांत आले. दक्षिणेंतील मिशनठाण्यांच्या प्रवासाचें वर्णन बाईंनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. मिचेल यांनीं १८९९ सालीं आपल्या पश्चिम हिंदुस्थानांतील दिवसांच्या आठवणी छापिल्या, व १९०४ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, सेवेस वयाची मर्यादा नसते. पुनः शिकण्याची तयारी मात्र अखेरपर्यंत लागते.