चार संघ, पाच जगज्जेतेपदे : युआन मॅन्युएल फॅन्जिओ यांची कारकीर्द

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा मोसम अर्ध्यावर आला की शर्यतशौकिनांमध्ये एका विषयाची चर्चा हमखास सुरू होते. पुढील वर्षी कोणता चालक कोणत्या संघाकडून उतरणार, हा तो विषय. मायकेल शूमाकर यांनी १९९६ मध्ये बेनेटन सोडून फेरारीचा मार्ग धरला तेव्हा ही चर्चा रंगली होती, आणि लुईस हॅमिल्टन २०२५ पासून फेरारीकडून खेळणार असल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले तेव्हाही ती जगभर झाली. संघबदल हे यशाचे साधन की निष्ठेचा अभाव, हा या चर्चेतील कायमचा मुद्दा असतो. या मुद्द्याचा सर्वात जुना आणि सर्वात ठळक संदर्भ म्हणजे अर्जेंटिनाचे विख्यात चालक युआन मॅन्युएल फॅन्जिओ यांची कारकीर्द होय. त्यांनी पाच वेळा जगज्जेतेपद मिळविले आणि ते अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी व मासेराटी अशा चार संघांच्या मोटारी चालवून मिळविले. दोनाहून अधिक संघांकडून जगज्जेता होणे त्यांच्यानंतर कोणत्याही चालकाला साधलेले नाही.

फॅन्जिओ यांचा जन्म २४ जून १९११ रोजी ब्यूनॉस आयर्स प्रांतातील बाल्कार्से या बटाट्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. त्यांचे आईवडील इटलीतून आलेल्या स्थलांतरितांपैकी होते. घरची परिस्थिती साधारण असल्याने लहान वयातच त्यांनी शाळा सोडून मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. फुटबॉलच्या मैदानावर त्यांना ‘एल चुएको’ म्हणजे ‘फेंगड्या पायांचा’ असे टोपणनाव मिळाले आणि ते आयुष्यभर टिकले. सक्तीची लष्करी सेवा पूर्ण करून परतल्यावर त्यांनी मित्रांच्या मदतीने गावातच स्वतःचे गॅरेज सुरू केले. मोटारीचे इंजिन आवाजावरून ओळखण्याची सवय त्यांना याच काळात जडली. पुढे संघाची निवड करताना त्यांना ज्या गोष्टीचा सर्वाधिक उपयोग झाला ती हीच होती. मोटार किती वेगाने धावेल याइतकेच ती शेवटपर्यंत टिकेल किंवा नाही, याचाही अंदाज ते घेऊ शकत असत.

शर्यतीत त्यांनी पहिल्यांदा १९३६ मध्ये भाग घेतला. त्या वेळी त्यांच्या हाती होती ती एका मित्राच्या वडिलांची, टॅक्सी म्हणून वापरली जाणारी फोर्ड मोटार. त्यानंतर ते अर्जेंटिनातील लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील शर्यतींकडे वळले. धुळीचे, खडकाळ आणि डोंगराळ रस्ते हजारो किलोमीटर पार करावे लागणाऱ्या या शर्यती म्हणजे चालक आणि यंत्र या दोहोंची कसोटी असे. फॅन्जिओ यांच्यासाठी बाल्कार्सेच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून शेव्हरोले मोटार घेऊन दिली. १९४० मध्ये ब्यूनॉस आयर्स ते लिमा आणि परत अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत त्यांनी जिंकली. १९४० आणि १९४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते राष्ट्रीय विजेते ठरले. दुसऱ्या महायुद्धामुळे मात्र पुढील काही वर्षे शर्यती थांबल्या आणि चालकाच्या उमेदीचा मानला जाणारा काळ निघून गेला.

युद्धानंतर शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या वेळी फॅन्जिओ पस्तिशी ओलांडून गेले होते. १९४८ मध्ये ब्यूनॉस आयर्स ते काराकास या शर्यतीत पेरू देशात त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला आणि सहचालक डॅनिएल उरुतिया यांचा मृत्यू झाला. या घटनेचा फॅन्जिओ यांच्या मनावर खोल परिणाम झाला. तथापि पुढील वर्षी अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाइल क्लबच्या पाठबळावर ते युरोपात दाखल झाले. १९४९ च्या मोसमात त्यांनी सान रेमो, पो, पेर्पिन्याँ, आल्बी आदी ठिकाणच्या शर्यती जिंकल्या. दक्षिण अमेरिकेतून आलेला, अडतीस वर्षांचा हा चालक युरोपीय संघांच्या नजरेत भरला तो तेव्हा.

१९५० मध्ये चालकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. त्या वर्षी अल्फा रोमिओ संघात ज्युसेप्पे फरिना, लुईजी फाजिओली आणि फॅन्जिओ असे तीन चालक होते. फॅन्जिओ यांनी मोनॅको, बेल्जियम आणि फ्रान्स येथील शर्यती जिंकल्या. परंतु मॉन्झा येथील अखेरच्या शर्यतीत मोटार बंद पडल्याने अवघ्या तीन गुणांच्या फरकाने पहिले जगज्जेतेपद फरिना यांच्याकडे गेले. पुढच्या वर्षी फेरारीच्या मोटारींनी अल्फा रोमिओसमोर कडवे आव्हान उभे केले. निर्णय स्पेनमधील शेवटच्या शर्यतीपर्यंत लांबला. तेथे फेरारीची टायरची निवड चुकली आणि फॅन्जिओ यांनी शर्यतीसह पहिले जगज्जेतेपद पटकावले. त्यानंतर अल्फा रोमिओने स्पर्धेतून अंग काढून घेतले. मूळ आराखडा युद्धापूर्वीचा असलेली ती मोटार आता कालबाह्य होऊ लागली होती. त्यामुळे नव्या जगज्जेत्याला स्वतःचा संघ नव्याने शोधणे भाग पडले.

त्यांनी मासेराटीची निवड केली. पण १९५२ चा मोसम त्यांच्यासाठी जवळजवळ प्राणघातक ठरला. ७ जून रोजी उत्तर आयर्लंडमध्ये एका शर्यतीत भाग घेऊन दुसऱ्या दिवशी मॉन्झा येथे हजर राहण्याचे त्यांनी कबूल केले होते. विमानाची सोय न झाल्याने पॅरिसपासून रात्रभर मोटार हाकत ते शर्यतीच्या काही वेळ आधी तेथे पोहोचले. सरावही न करता ते मागच्या रांगेतून निघाले आणि दुसऱ्याच फेरीत त्यांची मोटार उलटली. त्यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली व उर्वरित मोसम वाया गेला. थकलेल्या अवस्थेत शर्यतीला उतरल्याची ती किंमत होती. १९५३ मध्ये परत येऊन त्यांनी मॉन्झा येथेच इटालियन ग्रां प्री जिंकली आणि अजिंक्यपद स्पर्धेत दुसरे स्थान मिळविले.

दरम्यान, जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने ग्रां प्री शर्यतींत पुनरागमन करण्याचे ठरविले आणि संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी प्रमुख चालक म्हणून फॅन्जिओ यांना निवडले. नवी मोटार १९५४ च्या मोसमाच्या आरंभी तयार नव्हती. तेव्हा फॅन्जिओ यांनी अर्जेंटिना आणि बेल्जियम येथील शर्यती मासेराटीच्या मोटारीतून जिंकल्या. जुलैमध्ये फ्रान्समधील रेम्स येथे ते मर्सिडीजमधून उतरले आणि पहिल्याच शर्यतीत विजयी झाले. एकाच वर्षात दोन संघांच्या मोटारी चालवून सहा शर्यती जिंकत ते जगज्जेते बनले. चालक महत्त्वाचा की मोटार, या वादात त्यांच्या बाजूने दिला जाणारा हा सर्वात बळकट पुरावा आहे. त्याच वर्षी न्यूरबर्गरिंग येथे सरावादरम्यान त्यांचे तरुण देशबांधव ओनोफ्रे मारिमोन यांचा मृत्यू झाला होता. त्या दुःखातही फॅन्जिओ यांनी ती शर्यत जिंकली.

१९५५ मध्ये ब्रिटनचे तरुण चालक स्टर्लिंग मॉस त्यांचे सहकारी झाले. मोसमातील पहिली शर्यत अर्जेंटिनात असह्य उन्हाळ्यात झाली. बहुतेक चालकांना अर्ध्यावर मोटार दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. फॅन्जिओ मात्र तीन तास एकट्याने मोटार चालवून जिंकले. पुढे एन्ट्री येथील ब्रिटिश ग्रां प्रीत मॉस यांनी अगदी निसटत्या फरकाने त्यांच्यावर मात केली. फॅन्जिओ यांनी मॉस यांना मायदेशात जिंकू दिले काय, याची चर्चा शौकिनांमध्ये नंतर अनेक दशके होत राहिली. जगज्जेतेपद मात्र फॅन्जिओ यांच्याकडेच राहिले.

या यशावर ११ जून १९५५ रोजी ल माँ येथे झालेल्या दुर्घटनेची काळी छाया पडली. मर्सिडीजचे चालक पिएर लेव्हे यांची मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांच्या पाठोपाठ येणारे फॅन्जिओ थोडक्यात बचावले. वर्षअखेर मर्सिडीजने शर्यतींमधून माघार घेतली. स्वतःचा संघ घेऊन ती कंपनी फॉर्म्युला वनमध्ये परतली ती थेट २०१० मध्ये. फॅन्जिओ यांच्यासमोर पुन्हा एकदा संघ निवडण्याचा प्रश्न उभा राहिला. मॉस मासेराटीकडे गेले आणि फॅन्जिओ यांनी फेरारीशी करार केला.

फेरारीमधील वर्ष यशाचे असले तरी समाधानाचे नव्हते. संघाचे सर्वेसर्वा एन्झो फेरारी आणि फॅन्जिओ यांचे सूर कधीच जुळले नाहीत. आपल्या मोटारीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असा फॅन्जिओ यांचा समज झाला होता. त्यामुळे त्यांनी मोसमाच्या मध्यावर स्वतःसाठी स्वतंत्र मेकॅनिकची मागणी केली. मॉन्झा येथील अखेरच्या शर्यतीत त्यांची मोटार नादुरुस्त झाली. त्या काळच्या नियमांनुसार एका चालकाने दुसऱ्याची मोटार घेऊन शर्यत पूर्ण केल्यास दोघांना गुण वाटून मिळत. संघातील इटालियन चालक लुईजी मुस्सो यांनी आपली मोटार देण्यास नकार दिला. मात्र अवघ्या चोवीस वर्षांच्या पीटर कॉलिन्स यांनी स्वतःलाही जगज्जेतेपदाची संधी असताना मोटार थांबवून ती फॅन्जिओ यांच्या स्वाधीन केली. फॅन्जिओ दुसरे आले आणि चौथ्यांदा जगज्जेते ठरले. कॉलिन्स यांना पुन्हा तशी संधी मिळाली नाही. १९५८ मध्ये न्यूरबर्गरिंग येथील अपघातात त्यांचा अंत झाला.

चौथे जगज्जेतेपद मिळताच फॅन्जिओ यांनी फेरारीला रामराम ठोकला व ते मासेराटीकडे परतले. पुढे दोघांनीही आपापल्या आठवणींच्या पुस्तकांत या संबंधांविषयी लिहिले. फॅन्जिओ कोणत्याही एका संघाशी बांधील राहिले नाहीत आणि नेहमी उत्तम मोटार मिळविण्यासाठी त्यांनी आपले कौशल्य वापरले, असा एन्झो फेरारी यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. फॅन्जिओ यांच्यावरील हा आक्षेप आजही अधूनमधून घेतला जातो.

या आक्षेपाचे उत्तर ४ ऑगस्ट १९५७ रोजी न्यूरबर्गरिंग येथील जर्मन ग्रां प्रीमध्ये मिळाले, असे मानले जाते. सुमारे तेवीस किलोमीटरच्या त्या डोंगराळ मार्गावर बावीस फेऱ्या मारायच्या होत्या. फेरारीच्या मोटारी न थांबता शर्यत पूर्ण करणार, हे लक्षात घेऊन फॅन्जिओ यांनी निम्मेच इंधन भरून हलक्या मोटारीने आघाडी घ्यायची आणि मध्यावर इंधन व टायरसाठी थांबायचे, असा बेत केला. प्रत्यक्षात थांब्यावर अपेक्षेपेक्षा अधिक वेळ गेला आणि ते माइक हॉथॉर्न व कॉलिन्स यांच्या सुमारे पाऊण मिनिट मागे पडले. त्यानंतर त्यांनी एकामागून एक फेरीत मार्गावरील विक्रम मोडण्याचा धडाका लावला. नऊ मिनिटे १७.४ सेकंदांची त्यांची सर्वात वेगवान फेरी त्यांच्या स्वतःच्या पात्रता फेरीपेक्षाही आठ सेकंदांनी सरस होती. एकविसाव्या फेरीत दोन्ही फेरारी मागे टाकून त्यांनी ३.६ सेकंदांनी विजय मिळविला. फेरारीच्या मोटारी त्यांच्याहून कमकुवत नव्हत्या. फरक पडला तो चालकामुळे. शेहेचाळिसाव्या वर्षी मिळालेला तो त्यांचा चोविसावा आणि अखेरचा ग्रां प्री विजय होता. त्याच विजयाने पाचवे जगज्जेतेपदही निश्चित झाले.

वर्षअखेर आर्थिक अडचणींमुळे मासेराटीनेही माघार घेतली. फेब्रुवारी १९५८ मध्ये हवाना येथे शर्यतीसाठी गेले असता फिडेल कॅस्ट्रो यांच्या बंडखोर चळवळीतील सशस्त्र तरुणांनी हॉटेलातून त्यांचे अपहरण केले. बाटिस्टा सरकारची नाचक्की करणे हा त्यामागील उद्देश होता. एका दिवसाहून थोड्या अधिक अवधीनंतर त्यांना सुखरूप सोडण्यात आले. ज्या शर्यतीला त्यांना मुकावे लागले त्या शर्यतीत अपघात होऊन अनेक प्रेक्षक ठार झाले.

जुलै १९५८ मध्ये रेम्स येथील फ्रेंच ग्रां प्री ही त्यांची शेवटची ठरली. आघाडीवर असलेल्या हॉथॉर्न यांनी त्यांच्यावर एका फेरीची मात करण्याचे टाळून आपला वेग कमी केला आणि या थोर चालकाचा मान राखला. त्याच शर्यतीत मुस्सो यांचा मृत्यू झाला. चौथ्या क्रमांकाने शर्यत पूर्ण करून फॅन्जिओ यांनी निवृत्ती पत्करली. एकावन्न शर्यतींत चोवीस विजय, म्हणजे जवळजवळ निम्म्या शर्यती जिंकण्याचा त्यांचा विक्रम आहे. पाच जगज्जेतेपदांचा त्यांचा उच्चांक शूमाकर यांनी २००३ मध्ये सहावे विजेतेपद मिळवून मोडला. तोपर्यंत शेहेचाळीस वर्षे लोटली होती.

निवृत्तीनंतर ते मायदेशी मर्सिडीजच्या मोटारींच्या व्यवसायात रमले. १९८७ मध्ये त्या कंपनीच्या अर्जेंटिनातील शाखेचे मानद अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. बाल्कार्से येथे १९८६ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले असून त्यांनी चालविलेल्या मोटारी तेथे जतन केल्या आहेत. दीर्घ आजारानंतर १७ जुलै १९९५ रोजी ब्यूनॉस आयर्स येथे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि जन्मगावी त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

फॅन्जिओ यांचे बहुतेक संघबदल तपासले तर त्यातील तीन वेळा संघानेच स्पर्धेतून माघार घेतली होती, असे दिसते. अल्फा रोमिओ आणि मर्सिडीज यांच्या माघारीमुळे त्यांना नवा संघ शोधावा लागला आणि मासेराटीच्या माघारीने तर त्यांच्या कारकिर्दीचीच सांगता झाली. स्वखुशीने त्यांनी मासेराटी सोडून मर्सिडीज आणि फेरारी सोडून मासेराटी हेच दोन बदल केले, आणि दोन्ही वेळा मोटार व माणसे पारखून केले. ज्या काळात त्यांचे अनेक सहकारी शर्यतमार्गावरच प्राणास मुकले, त्या काळात मोटार शेवटपर्यंत टिकेल याची खात्री करून घेणे ही निष्ठेइतकीच जिवाशीही निगडित बाब होती. प्रत्येक मोसमात नव्याने रंगणाऱ्या संघबदलाच्या चर्चेत त्यांचे नाव आजही घेतले जाते, ते त्यामुळेच.